तारीख नसलेल्यांचे गुरुजी

आमच्या मराठवाड्यात पन्नाशीच्या आसपासच्या माणसाला जन्मतारीख विचारा, बहुधा 'एक जून' असंच उत्तर येईल. बाहेरून बदलून आलेल्या एखाद्या साहेबाला वाटावं, की इथल्या बायका ठरवून एकाच दिवशी बाळंत होत असत. कारण साधं आहे. शाळेत नाव घालायला आलेल्या आईबापांना तारीख सांगता यायची नाही, शाळा जूनमध्ये उघडायची, आणि सहा वर्षं पूर्ण झाल्याचं दाखवायला एक जून सोयीचा पडायचा. गुरुजी तेवढं लिहून मोकळे व्हायचे. असं लिहिणाऱ्या, पण काही केल्या मोकळं न होता आलेल्या एका गुरुजींविषयी मला सांगायचं आहे.

शिरूर अनंतपाळच्या बाजूला एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नवीन लागले, तेव्हा माणिकराव जोशी तिथं मुख्याध्यापक होते. सगळा गाव त्यांना माणिक गुरुजी म्हणायचा. मूळचे नांदेडचे, गोदावरीकाठच्या जुन्या वस्तीतले. वडील पत्रिका करायचे. गुरुजींच्या पहिल्या दोन इयत्ता निजामाच्या राज्यात उर्दूत झालेल्या, त्यामुळं बोलण्यात 'बेशक', 'गलत', 'मालूम' असे शब्द सहज यायचे. अंगानं किडकिडीत, टोपी नाही, गालात कायम एक लवंग. रागावले की ती लवंग एका गालातून दुसऱ्या गालात जायची. तेवढ्यावरून पोरं समजून घ्यायची.

पहिल्याच जूनमध्ये मी त्यांचं नाव घालणं पाहिलं. एक बाई पोराला धरून उभी होती.

"कधी जन्मला?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिशी, गुरुजी. दुपारचं जेवान झालं हुतं. त्या साली आमची तांबडी गाय व्याली, बगा, त्याच टायमाला."

"कुठल्या साली?"

"त्ये न्हाई सांगता यायचं. पर गाय तांबडी."

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. गाय पुढं किती दूध द्यायची तेही विचारलं. मग रजिस्टरात आपल्या मोत्यासारख्या अक्षरात एक जून लिहिलं. मी नवी होते, विज्ञान शिकवत होते, आणि मला सगळ्यांच्या चुका दिसायच्या. मी म्हटलं, "लिहायचं एक जूनच, तर एवढं विचारता कशाला?"

"बाई, रजिस्टरला गाय समजत नाही," ते म्हणाले. "पण म्हणून आपण विचारू पण नाही का?"

त्यांना पत्रिका मांडता यायची हे गावाला ठाऊक होतं. पण शाळेतल्या पोराची पत्रिका त्यांनी कधी केली नाही. कुणी फार गळ घातली तर म्हणत, "तारीख माझ्याच हातची आहे. ती किती खरी ते मला मालूम आहे." लोकांना वाटायचं गुरुजी भाव खातात.

मग भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे जमीन हलली. आमच्या गावात माणसं वाचली, घरांना भेगा पडल्या, शाळेची एक भिंत कलली. पुढचे कितीतरी दिवस गाव उघड्यावर निजत होता, आणि शाळा चिंचेखाली भरत होती. त्या चिंचेखाली, दिवाळीनंतर, एक माणूस भाचीला घेऊन आला. पलीकडच्या ज्या गावांत काही उरलं नव्हतं, त्यातल्या एका गावची ही पोर. आई, बाप, आजी, कुणी राहिलं नव्हतं. ती कणगीआड सापडली होती. नाव महानंदा.

"जन्म कधीचा?" गुरुजींनी सवयीनं विचारलं.

मामा म्हणाला, "अक्काला ठावं हुतं."

गुरुजींनी टाक उचलला आणि तसाच धरून बसले. गाय नाही, पोळा नाही, दुपारचं जेवण नाही. विचारायला काही शिल्लकच नव्हतं. पोर त्यांच्याकडं बघत होती. बऱ्याच वेळानं त्यांनी एक जून लिहिलं, आणि त्या दिवशी पुढचे दोन तास शाळा मी एकटीनं चालवली.

पुढं ते निवृत्त झाले. बायको आधीच गेलेली. त्यांनी लातुरात लहानसं घर घेतलं, आणि काही वर्षांनी माझी बदलीही लातूरला झाली तेव्हा त्यांच्याच गल्लीत मी खोली केली. मी लग्न केलं नव्हतं. का, तो वेगळा विषय आहे आणि इथं त्याचं काही काम नाही.

ती गल्ली तोवर क्लासची गल्ली झाली होती. भिंतीभिंतींवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, दर तिसऱ्या घरात मेस, दर चौथ्या घरात झेरॉक्स, सकाळी सहापासून सायकलींची रीघ. जिल्ह्याजिल्ह्यातून आईबाप पोरं आणून सोडत होते, डॉक्टर होऊनच परत या म्हणून. गुरुजींनीही वरच्या दोन खोल्या मुलींना दिल्या होत्या. त्यातली नांदेडची एक मुलगी पहिल्याच चाचणीनंतर बॅग भरून घरी गेली, आणि जाताना एक डबी विसरली. तिच्या पुण्याच्या मामेबहिणीनं वाढदिवसाला दिलेली. आत अठ्ठ्याहत्तर पत्ते, प्रत्येकावर रंगीत चित्र, सोबत इंग्रजी पुस्तिका. टॅरो, म्हणजे भविष्य बघायचे पत्ते. गुरुजींनी फोन करून कळवलं, तर ती म्हणाली, "तुम्हीच ठेवा गुरुजी, मला त्यात नुसतं खराबच निघतंय."

गुरुजी शब्दकोश घेऊन पुस्तिकेला बसले. तिसऱ्या दिवशी मला हाक आली.

"बाई, हे बघा. बारा पत्ते, बारा स्थानं. पहिलं स्वतःचं, चौथं आईचं, पाचवं विद्येचं, सातवं जोडीदाराचं. ही तर कुंडली आहे! फक्त त्या लोकांनी गोल मांडली. आणि यात जन्मवेळ लागत नाही. तारीख पण लागत नाही. माणूस पत्ता ओढतो, तोच त्याचा ग्रह."

मी म्हटलं, "गुरुजी, हा पोरखेळ आहे."

"बेशक. पण ज्यांना कुंडलीच नाही त्यांच्यासाठी दुसरा कुठला खेळ आहे, ते सांगा."

तेव्हा मला कळलं हे त्यांच्या डोक्यात किती वर्षं घर करून होतं. आमच्या त्या खेड्यातली पोरं आता मोठी झाली होती. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न. ती लातूरच्या ज्योतिषांकडं दाखला घेऊन जात. एका ज्योतिषानं तर दोन मित्रांना एकच पत्रिका काढून दिली होती. साल एक, गाव एक, एक जून. त्यातला एक एसटीत कंडक्टर झाला आणि दुसरा दातांचा डॉक्टर. मग ती दोघं गुरुजींकडं आली, "खरी तारीख सांगा, लिवली तर तुमीच." गुरुजी काय सांगणार? त्यांना तांबडी गाय आठवत होती, पण ती कुणाची हे आठवत नव्हतं.

अशांसाठी त्यांनी पत्ते मांडायला सुरुवात केली. जमिनीवर शाळेतला एक निकामी फळा ठेवायचे, त्यावर खडूनं कुंडली काढायचे, आपल्या पद्धतीची, चौकटीची. हात धुवायचे. पैसे, नारळ, काही घ्यायचे नाहीत. बुरूज कोसळून माणसं खाली पडताहेत असा एक पत्ता त्या जोडात होता, तो त्यांनी पहिल्याच दिवशी काढून पंचांगात घालून ठेवला. हे चित्र लातुरात कुणाला दाखवायची गरज नाही, म्हणाले. आठव्या स्थानाचा, म्हणजे मृत्यूच्या घरातला पत्ता मांडायचे, पण पालथाच ठेवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते स्वतः काही सांगायचेच नाहीत. एकेक पत्त्यावर बोट ठेवून विचारायचे, "काय दिसतंय?" ज्याचा प्रश्न, त्यानं सांगायचं. "पत्ता बोलत नाही, माणूस बोलतं. पत्ता समोर असला की जरा लवकर बोलतं, एवढंच."

गल्लीत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. निकालाच्या दिवसांत क्लासच्या पोरांचे आईबाप येऊ लागले. देगलूरकडचे एक गृहस्थ आले, मुलगी दुसऱ्यांदा परीक्षा देत होती. तिला पुढं ढकलून म्हणाले, "हिचे पत्ते बघा, गुरुजी. नंबर लागतो का ते."

"प्रश्न कुणाचा आहे?"

"माझाच की."

"मग पत्ते तुम्ही ओढा."

गृहस्थ जरा कुरकुरले, पण बसले. पाचव्या घरात, विद्येच्या, एक माणूस झाडाला उलटा टांगलेला निघाला. गुरुजींनी बोट ठेवलं. "काय दिसतंय?"

"उलटं टांगलंय ह्याला." गृहस्थ वाकून बघत राहिले. "पर रडत न्हाई. चेहऱ्यावर काहीच न्हाई ह्याच्या."

"सवय झाली असंल," दारात उभी असलेली मुलगी म्हणाली.

आधी आम्ही सगळे हसलो. तिचे वडीलही हसले. मग त्यांचं हसू एकदम गेलं आणि त्यांनी वळून मुलीकडं पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदा. त्या संध्याकाळच्या गाडीनं ते तिला आठ दिवसांसाठी गावी घेऊन गेले. तिचा नंबर लागला की नाही, मला माहीत नाही. गुरुजींनी कधी चौकशी केली नाही.

मीही एकदा बसले, हे कबूल करून टाकते. नांदेडला माझी आई एकटी होती, बदली मागावी की नाही या विचारात मी दोन वर्षं घालवली होती. लातुरात माझी घडी बसलेली. विज्ञानाच्या बाईनं पत्ते ओढावेत याची लाज वाटत होती, म्हणून दार लोटून घेतलं. चौथ्या घरात, आईच्या, डोंगरावर कंदील धरून उभा असलेला म्हातारा आला.

"काय दिसतंय, बाई?"

"एकटाच आहे. कंदील धरलाय."

"कुणासाठी?"

 आई संध्याकाळी ओसरीवरचा दिवा लावून बसते आणि मी येणार नाही हे माहीत असून रस्त्याकडं बघते, हे मला माहीत होतं आणि मी दोन वर्षं ते बाजूला सारत होते. मला रडू आलं. गुरुजी उठून आत गेले आणि चहा होईस्तोवर बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी बदलीचा अर्ज केला. पत्त्यांवर माझा आजही विश्वास नाही.

त्या अर्जाचा निकाल लागायच्या आधीच महानंदाचं प्रकरण झालं.

महानंदा मामाकडं वाढली, नर्सिंग शिकली आणि लातूरच्या एका दवाखान्यात लागली. सुट्टीच्या दिवशी गुरुजींकडं यायची, त्यांचा रक्तदाब तपासायची आणि मीठ कमी करा म्हणून भांडायची. तिला जळकोटच्या बाजूचं एक स्थळ आलं. मुलगा बालाजी, माध्यमिक शाळेत शिक्षक. बघणं झालं, दोघांनी एकमेकांना पसंत केलं, फोनवर बोलणं सुरू झालं. ती गुरुजींच्या घरी आली की फोन घेऊन गच्चीवर जायची आणि खाली येताना उगाचच गंभीर चेहरा करायची. मुलाकडच्यांनी तिच्या शाळेच्या दाखल्यावरची तारीख घेतली, वेळ सूर्योदयाची धरली आणि पत्रिका काढली. कडक मंगळ निघाला.

मामा धावत लातूरला आला. मागून महानंदाही आली. मी तिथंच होते.

"गुरुजी, तारीख तुमच्या हातची हाय," मामा म्हणाला. "दुसरी द्या. चुकून एक जून पडलं, खरी अमकी हाय, आसं तुमी लिवून दिलं तर कोन न्हाई म्हनंल? पोरीच्या जलमाचं वाटुळं हुईल की."

मला वाटलं गुरुजी त्याला झिडकारतील. ते म्हणाले, "काढून ठेवलीये." फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं एक तारीख आणि वेळ लिहिलेली होती. बातमी कानावर आल्यावर दोन दिवस पंचांग घेऊन त्यांनी ती शोधली होती. पौषातली सकाळ, मंगळ नाही, मुलाच्या पत्रिकेशी छत्तीसांतले एकतीस गुण. "मी आयुष्यभर खोट्या तारखा लिहिल्या," ते म्हणाले, "एक तरी कामाची लिहितो."

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

महानंदा म्हणाली, "आधी माझे पत्ते मांडा."

तिचा पहिला पत्ता, स्वतःच्या घरातला, डोळ्यांना पट्टी बांधलेली आणि दोरानं आवळलेली बाई होता. भोवती तलवारी रोवलेल्या. मामानं जीभ चावली. महानंदानं पत्ता उचलून नाकाजवळ नेला.

"हे बांधणं ढिलं हाय, गुरुजी. आमच्या सिस्टरनं बघितलं तर पुन्हा बांधायला लावतील."

चौथ्या घरात, आईच्या, पाण्यावरची नाव निघाली. नावाडी उभा, पुढं पदर घेतलेली बाई आणि तिच्याजवळ लहान पोर, दोघांची आपल्याकडं पाठ.

"काय दिसतंय?" गुरुजींनी हळू विचारलं.

तिनं पत्ता उजेडाकडं धरला. तिच्याकडं आईचा एकही फोटो नव्हता. "तोंड दिसंना," ती शेवटी म्हणाली. सातव्या घरात, जोडीदाराच्या, काठीला गाठोडं अडकवून मजेत दरीकडं निघालेला एक तरुण आला, पायाशी कुत्रं भुंकतंय. त्याला बघून ती जराशी हसली. आठवा पत्ता पालथा होता. गुरुजी पुढं जाणार, तेवढ्यात तिनं त्यावर हात ठेवला.

"उघडा की."

"तो आपण उघडत नाही, पोरी."

"माझा कवाच उघडून झालाय, गुरुजी. तुम्हाला ठावं नाही का?"

तिनंच तो उलटला. तीन बाया पेले उंच धरून नाचत होत्या. आम्ही चौघंही बघत राहिलो, आणि मामा म्हणाला, "ह्ये तर लगीनघर दिसायलंय." त्या दिवसानंतर गुरुजींनी आठवा पत्ता कुणाचाच झाकून ठेवला नाही.

मग महानंदानं त्या नावेवर बोट ठेवलं. "मी कधी जन्मले ते ह्या बाईला ठावं हुतं. तुम्हाला न्हाई, मामाला न्हाई, मला न्हाई. दुसरी तारीख घेऊन गेले तर लोक दरसाली त्या दिवशी मला आऊक्ष मागतील, आन मला वाटंल आई खोटी पडली. न्हाई सोसायचं मला. जे खरं हाय ते सांगा त्यांना."

"लग्न मोडलं तर?" मी विचारलं.

"मोडलं तर मोडलं," ती म्हणाली. पण त्या मुलात तिचा जीव होता, हे सगळ्यांना दिसत होतं. गुरुजींनी फळ्याच्या कोपऱ्यातली ती पौषातली सकाळ तळहातानं पुसली.

चार दिवसांनी गुरुजी, मामा आणि मी एसटीनं मुलाच्या गावी गेलो. घरात दहा-बारा पुरुष माणसं बसलेली, आमच्यापुढं पोहे. गुरुजींनी पोह्यांना हात लावला नाही. उभे राहिले. पोरांना उभं करण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्या दिवशी स्वतः उभे राहून म्हणाले, "मी मुख्याध्यापक होतो. महानंदाची तारीख मी मनानं लिहिली. ती गलत आहे. खरी कुणालाच मालूम नाही, ज्यांना होती ते भूकंपात गेले. तुमची ती पत्रिका माझ्या हस्ताक्षराची आहे, पोरीची नाही."

 मग गुरुजींनी विचारलं, "मुलाची पत्रिका कशावरून केली?"

"दाखल्यावरून," बालाजीचे वडील म्हणाले.

"तारीख?"

वडिलांनी पोह्यांची ताटली पुढं सरकवली. कोपऱ्यातून मुलाचा चुलता म्हणाला, "एक जून." आणि सगळी बैठक हसायला लागली. तुझी कोणती, माझी पण, असं सुरू झालं. मला वाटलं, जिंकलं. पण वडील हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता, शांतपणे बोलला.

"गुरुजी, पोराची आई जित्ती हाय. इचारलं तर सांगंल. पोरीचं कोन सांगनार? मंगळ आसता तर शांत केला आसता. तारीकच न्हाई म्हनल्यावर शांत तरी काय करायचं? पावण्यारावळ्यांत कसं सांगू मी?"

परतीच्या गाडीत गुरुजींनी लवंग खिडकीबाहेर थुंकली. "बाई, खोटं लिहून शेकडो पोरं शाळेत घातली असतील, कुणाचं बिघडलं नाही," ते म्हणाले. "एकदा खरं बोललो आणि तिचं मोडलं." मला त्यांचा राग आला, त्या वडिलांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला, कारण बैठक हसली तेव्हा जिंकलं म्हणून मीही हसले होते. महानंदानं फोनवर 'बरं झालं, गुरुजी' एवढंच म्हटलं आणि ती तीन आठवडे आली नाही. गुरुजींचा रक्तदाब वाढला असणार, पण बघणार कोण? गुरुजींनी फळा भिंतीला टेकवून ठेवला. पत्त्यांसाठी येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवू लागले.

एका रविवारी सकाळी एक तरुण दारात आला. बालाजी.

"पत्ते मांडा म्हणून आलो."

"बंद केले," गुरुजी म्हणाले.

"मग बसतो इथंच." आणि तो ओट्यावर बसला. दहा वाजले, अकरा वाजले. क्लासची पोरं त्याला ओलांडून वर-खाली जात होती. शेवटी मीच वैतागून फळा आडवा केला. त्यानं भराभर बारा पत्ते ओढले. गुरुजींनी सातव्यावर बोट ठेवलं, "काय दिसतंय?"

"काही दिसंना मला, गुरुजी. ती माझा फोन उचलत नाही. ती नाराज आहे का, एवढंच निघतं का बघा यातून."

गुरुजींनी पत्ते गोळा केले. "आणि वडील?"

"वडील म्हणाले होते ना, आई सांगंल म्हणून? विचारलं. आई म्हणाली मृग निघाल्यावर झालास. आत्या म्हणाली छे, पोळ्याला. दोघींचं दोन दिवस भांडण चाललंय. चुलता तिसरंच सांगतोय. मी वडिलांना म्हटलं, आता माझी तरी कोणती धरायची ते तुम्हीच ठरवा. तेव्हापासून ते गप्प आहेत."

गुरुजी हसले. महिनाभरानं मी त्यांना हसताना पाहत होते. मग आपल्या फोनवरून त्यांनी महानंदाला फोन लावला आणि तो बालाजीच्या हातात दिला.

वडील कबूल व्हायला अजून दोन महिने लागले. लग्न मामाच्या गावात, मारुतीपुढच्या मंडपात होतं. माझा बदलीचा हुकूम आला होता, त्याच आठवड्यात मी नांदेडला निघाले, आणि पुढं गुरुजींची भेट झाली नाही. त्यामुळं ते मला दिसतात ते त्या मंडपातच. लग्नपत्रिकेत मुहूर्त बारा वाजून बत्तीस मिनिटांचा छापला होता. पण वरात वेशीत नाचत राहिली, मग नवरदेवाचा फेटा सैल झाला, मग भटजींना कुणीतरी चहाला नेलं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा गुरुजी अंतरपाटाच्या अगदी कडेला जाऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर, मनगट डोळ्यांजवळ. अंतरपाट खाली आला, चहूकडून अक्षता उडाल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि गुरुजी तेवढे घड्याळाकडं बघत होते.

आहेराच्या रांगेत ते माझ्यापुढं होते. नंबर आल्यावर त्यांनी लग्नाची पत्रिका उलटी करून महानंदाच्या हातात दिली. मागच्या कोऱ्या बाजूला त्या मोत्यासारख्या अक्षरात वार, तारीख, गाव आणि वेळ लिहिली होती. एक वाजून सतरा मिनिटं.

"लोक बारा बत्तीस सांगतील," ते म्हणाले. "ते गलत आहे. ही वेळ मी माझ्या डोळ्यांनी बघून लिहिलीये, पोरी. यावर कुणालाही कुंडली मांडू दे."

तिनं वाचलं. परत वाचलं, आणि मुंडावळ्या सावरत खाली वाकली. गुरुजींची डावी मूठ मघापासून मिटलेली होती. घड्याळ बघण्याच्या नादात त्यांच्या अक्षता टाकायच्याच राहिल्या होत्या. त्या त्यांनी तिच्या डोक्यावर टाकल्या.